हरभऱ्याच्या जागलीत वापरलेली १०×५० दुर्बीण

दुर्बीण घ्यायची असेल तर १०×५० घ्या. खिशात मावणाऱ्या छोट्या दुर्बिणींवर पैसे घालवू नका, आणि घेतलेली दुर्बीण कपाटात ठेवू नका, अंधाऱ्या वावरात न्या. ज्याला एवढंच हवं त्याचं काम इथं झालं. पण ही दुर्बीण डोळ्याला लावल्यापासून आभाळात जे दिसायला लागलं, एक तर चांदण्या आणि दुसरे इंटरनेटचे उपग्रह, ते लिहिल्याशिवाय माझा अभिप्राय पुरा होत नाही, म्हणून पुढं लिहितो आहे.

मी कारंजा तालुक्यातला शेतकरी, जिल्हा वाशीम. खरिपात सोयाबीन-तूर, ओलिताच्या तुकड्यात रब्बीचा हरभरा. सोहोळचं काळवीट अभयारण्य आमच्यापासून लांब नाही. हरभरा घाट्यावर आला की हरणं, रोही आणि रानडुकरं पाळीपाळीनं वावरात उतरतात. धुऱ्यावर झटका मशीनची तार ओढली आहे, तरी जागल सुटत नाही. त्यात शेतीची लाइन काही दिवस दिवसाची, काही दिवस रात्रीची, म्हणजे ओलीतही रात्रीच. हिवाळाभर निम्मी रात्र मचाणावर जाते. झुंजूमुंजू होताना वावराच्या त्या टोकाला कळप उभा आहे का हे पाहायला मी दुर्बीण घेतली. त्या कामाला ती उत्तमच आहे. पण आता ती जास्त वेळ वरच्या दिशेला असते.

१० म्हणजे दहापट मोठं दिसतं. ५० म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. या दोन आकड्यांचा भागाकार ५ येतो, तेवढ्या मिलिमीटरचा प्रकाशझोत डोळ्यात उतरतो. अंधारात बाहुली तेवढी मोठी होतेच, त्यामुळे प्रकाश वाया जात नाही. ज्या दुर्बिणीत हा भागाकार दोन-अडीच येतो ती दिवसा पक्षी दाखवेल, रात्री निराश करेल. माझी पोरो प्रिझमची आहे, म्हणजे जुन्या पद्धतीची, खांदे बाहेर आलेली. प्रिझम बीएके-४ काचेचे आणि भिंगांवर सगळीकडं मल्टिकोटिंग, एवढं खोक्यावर वाचून घ्या. किंमत साडेसहा हजारांच्या आसपास पडली. कंपनीचं नाव सांगत नाही, कारण या किमतीत चार-पाच कंपन्यांचा माल जवळपास सारखाच आहे आणि फरक पडतो तो तुमच्या हातात आलेल्या नगावर. मला ऑनलाइन आलेला पहिला नग दोन प्रतिमा दाखवत होता, एका ताऱ्याचे दोन तारे. दोन्ही नळ्या एका रेषेत नसल्या की असं होतं. विक्रेत्यानं कुरकुर केली, पण बदलून दिला. म्हणून सांगतो, आल्याबरोबर पहिल्याच रात्री एखाद्या ठळक ताऱ्यावर धरून बघा. एक तारा एकच दिसला पाहिजे, आणि फोकस केल्यावर तो टाचणीच्या टोकाएवढा झाला पाहिजे. उजव्या डोळ्याचं वेगळं चाक असतं, आधी डावा डोळा मधल्या चाकानं साधायचा, मग उजवा त्या चाकानं. हे एकदा करून ठेवलं की पुढं फक्त मधलं चाक.

वजन जवळजवळ एक किलो. दहापट वाढवलेलं चित्र हाताच्या थरथरीलाही दहापट वाढवतं, त्यामुळे नुसत्या हातानं धरून गुरूचे चंद्र दिसत नाहीत. मचाणाच्या आडव्या बांबूवर कोपरं टेकवली की दिसतात. २०२५-२६ च्या हिवाळ्यात गुरू मिथुन राशीत, पुनर्वसूच्या ताऱ्यांजवळ होता, रात्रभर आभाळात. त्याच्या दोन्ही बाजूंना एका रेषेत बारीक ठिपके, कधी तीन, कधी चारही. दुसऱ्या रात्री त्यांच्या जागा बदललेल्या. गॅलिलिओनं १६१० मध्ये पाहिलेले हेच ते चार चंद्र. माझी पोरगी कारंज्याला अकरावीला आहे. तिनं वहीत रोजच्या जागा टिपून त्यांतला सगळ्यात आतला, आयो, कोणता ते स्वतः ओळखलं. कृत्तिका नुसत्या डोळ्यांना सहा-सात दिसतात, दुर्बिणीत त्यांची डझनावारी होते. तिकांड्याच्या, म्हणजे मृगातल्या एका ओळीतल्या तीन ताऱ्यांच्या, खाली मृगाचा तेजोमेघ धुरकट फिक्या ठिपक्यासारखा स्पष्ट दिसतो. आणि देवयानी दीर्घिका, २५ लाख प्रकाशवर्षं दूर, आमच्या वावरातून साडेसहा हजारांच्या यंत्रानं दिसते. या एका गोष्टीसाठी पैसे वसूल झाले असं मी मानतो.

आता त्या दुसऱ्या गोष्टीकडं, उपग्रहांकडं, येतो.

या दुर्बिणीच्या नजरेत एका वेळी साधारण साडेसहा अंशांचं आभाळ मावतं, म्हणजे ओळीनं तेरा पूर्णचंद्र. संध्याकाळी अंधार पडल्यावर कृत्तिकांवर दुर्बीण धरली की थोड्याच वेळात एक ठिपका या कडेनं शिरतो आणि सरळ रेषेत त्या कडेनं निघून जातो. डोक्यावरून जाणारा असेल तर त्याला आठ सेकंद लागतात. मग दुसरा, वेगळ्या दिशेनं. कधी दोन एकाच वेळी. दुर्बीण खाली करून नुसत्या डोळ्यांनी त्याच जागी पाहावं तर काहीच नाही. यातले बरेचसे नुसत्या डोळ्यांना दिसतच नाहीत. प्रत म्हणजे तेजाचं माप, आकडा जितका मोठा तितका तारा फिका. डोळा सहाव्या प्रतीपर्यंतचे तारे बघतो, ही दुर्बीण अंधाऱ्या जागी नवव्या प्रतीच्याही पुढं जाते. या मधल्या पट्ट्यात आता एवढी वर्दळ आहे हे आपल्याला कळत नाही, कारण आपण दुर्बीण लावत नाही.

हे बहुतांशी इंटरनेटचे उपग्रह. स्टारलिंकचे पहिले ६० उपग्रह मे २०१९ मध्ये गेले, आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये सोडलेल्यांचा आकडा १० हजारांच्या पुढं गेला. ते साधारण ५५० किलोमीटर उंचीवरून फिरतात, पृथ्वीची एक फेरी दीड तासाच्या थोडी वर. युटेलसॅट वनवेबचे सहाशेच्या वर आहेत, ते १,२०० किलोमीटरवर. त्यातले ७२ आपल्या इस्रोनं श्रीहरिकोट्याहून एलव्हीएम-३ रॉकेटनं दोन खेपांत, ऑक्टोबर २०२२ आणि मार्च २०२३ मध्ये सोडले. अमेझॉननं ३,२३६ उपग्रहांची मांडणी ठरवली आहे आणि एप्रिल २०२५ पासून ते जायला लागले आहेत.

एवढे का लागतात, हे मला पुस्तकापेक्षा त्या आठ सेकंदांनी समजावलं. आपल्या घरावरची टीव्हीची छत्री एकदा बसवली की हलवावी लागत नाही, कारण तिचा उपग्रह ३५,७८६ किलोमीटरवर आहे आणि तिथून तो पृथ्वीच्या फिरण्याबरोबर फिरतो, म्हणून एका जागी उभा दिसतो. पण तिथपर्यंत प्रकाशाच्या वेगानं जाऊन-येऊनही निरोपाला पाव सेकंद लागतो, उत्तर येईपर्यंत अर्धा. त्या नेटवर समोरासमोरचं बोलणं अडखळतं. उपग्रह खाली आणला तर हा उशीर सेकंदाच्या शंभराव्या भागांत मोजण्याइतका कमी होतो, पण मग तो डोक्यावर थांबत नाही, काही मिनिटांत क्षितिजापार जातो. तो गेला की त्याच्या जागी दुसरा हवा, मग तिसरा. घरावरची थाळी न हलता विजेच्या जोरावर आपला झोत एकावरून दुसऱ्यावर वळवत राहते. काम मोठं हुशारीचं आहे आणि मला त्याबद्दल आदर आहे.

गेल्या हिवाळ्यात एका पहाटे शेजारच्या धुऱ्यावरचे आबाजी मचाणाखाली येऊन उभे राहिले. सत्तरी पार केलेला माणूस. तरुणपणी त्यांच्या मनगटाला घड्याळ नव्हतं. तिकांडं डोक्यावर आलं की पाणी मोडायचं, खाटलं, म्हणजे सप्तर्षी, उलटं झालं की बैल सोडायचे, अशी त्यांची रात्र. पूर्वेला बोट दाखवून म्हणाले, "थे पाय गा भाऊ, आभायात आगगाडी चाल्ली का? माह्या जल्मात अशा चांदण्या नाई पायल्या." एकामागं एक, समान अंतरावर, ठळक ठिपके वर चढत होते आणि ठरावीक जागी येऊन मावळल्यागत विझत होते. नव्यानं सोडलेल्या उपग्रहांची रांग. सुटल्यानंतर काही दिवस ते असे ओळीनं जातात, मग हळूहळू उंचीवर पोचून पांगतात. मी त्यांना समजावलं की हे इंटरनेटचे आहेत, आपल्या जिल्ह्यातही यांचं नेट येणार म्हणतात. त्यांनी विचारलं, "मंग रोजच जाईन का हे?" मी हो म्हटलं. त्यावर ते काही बोलले नाहीत, खाटल्याकडं बघत राहिले.

ते कधी दिसतात याचं गणित सोपं आहे. त्यांना स्वतःचा उजेड नाही, सूर्याचा उजेड अंगावर पडून ते चमकतात. आपल्याकडं सूर्य बुडाला तरी ५५० किलोमीटरवर तो काही काळ दिसत राहतो. हिवाळ्यात आमच्याकडं डोक्यावरचे उपग्रह साडेसातच्या सुमारास पृथ्वीच्या सावलीत जातात, पश्चिमेकडचे आणखी तासभर टिकतात, वनवेबसारखे उंचावरचे त्याहून जास्त. त्यानंतर मध्यरात्रभर आभाळ बरंचसं मोकळं. पहाटे पुन्हा सुरू. ज्यांना नुसत्या चांदण्या पाहायच्या आहेत त्यांनी रात्री दहानंतर दुर्बीण काढावी.

पण खगोलशास्त्रज्ञांना ही सवलत नाही. पृथ्वीजवळून जाणारे काही लघुग्रह सूर्याच्या बाजूला, संधिप्रकाशाच्या वेळी शोधावे लागतात, आणि नेमके तेव्हाच हे उपग्रह उजळलेले असतात. चिलीमध्ये व्हेरा रुबिन वेधशाळेची ८.४ मीटर आरशाची दुर्बीण आहे. तिची पहिली चित्रं जून २०२५ मध्ये जगापुढं आली. आभाळाचा मोठा तुकडा एका फोटोत टिपण्यासाठीच ती बांधली आहे, म्हणून फोटोवर उपग्रहांच्या रेघा उमटण्याची धास्तीही तिलाच जास्त. रेडिओ दुर्बिणींचा प्रश्न आणखी वेगळा. युरोपातल्या लोफार या रेडिओ दुर्बिणीनं २०२३ मध्ये दाखवलं की स्टारलिंकच्या उपग्रहांतल्या यंत्रांतून नको असलेल्या रेडिओ लहरीही गळतात, ज्या त्यांच्या नेटच्या लहरींपेक्षा वेगळ्याच पट्ट्यात येतात. आपल्या नारायणगावजवळच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटरच्या ३० थाळ्या अशाच लांब लहरींवर काम करतात. महाराष्ट्राच्या जमिनीवर उभं राहिलेलं जगाच्या तोडीचं काम आहे ते. त्याची काळजी आपल्याला वाटायला नको का?

हे वाचून कुणी मला नेटचा विरोधक समजेल, तर तसं अजिबात नाही. आमच्या वावरात मोबाइलची एक काडी येते, तीही त्या टोकाच्या धुऱ्यावर. गावची लाइन गेली की टॉवरही काही वेळानं गपगार. ई-पीक पाहणीचे फोटो वावरात उभं राहून काढायचे आणि चढवायला गावात यायचं. कापूस हमीभावानं विकायचा तर 'कपास किसान' ॲपवर नोंदणी. विजेची आगाऊ सूचना देणारं 'दामिनी' ॲप पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संस्थेनं चांगलं केलं आहे, पण ज्या झाडाखाली माणूस पावसात उभा राहतो तिथं ते उघडलंच नाही तर त्याचा काय उपयोग? आमच्याकडं दर पावसाळ्यात विजेनं माणसं, गुरं दगावतात. पोरीचा ऑनलाइन तास चालू असताना चित्र थांबतं आणि ती उंबरठ्यावरून अंगणात, अंगणातून गच्चीवर फोन घेऊन फिरते, हे मी रोज बघतो. म्हणून ५ नोव्हेंबर २०२५ ला राज्य सरकारनं स्टारलिंकशी इरादापत्र केलं आणि त्यात गडचिरोली, नंदुरबार, धाराशिवबरोबर वाशीमचं नाव आलं, तेव्हा मला मनापासून आनंद झाला. थाळी अजून आमच्या गावात कुणाच्या घरावर बसलेली नाही. आश्रमशाळेवर, आरोग्य केंद्रावर ती आधी बसावी.

माझं म्हणणं एकच आहे. अट घाला.

हे उपग्रह फिके करता येतात, हे करून दाखवलेलं आहे. सुरुवातीचे स्टारलिंक अंधाऱ्या जागी नुसत्या डोळ्यांना दिसत. जानेवारी २०२० मध्ये काळा लेप दिलेला एक उपग्रह सोडून पाहिला, त्याच वर्षी उन्हाला आडोसा करणारे पडदे लावले, पुढच्या पिढीत सूर्याचा उजेड जमिनीकडं न पाठवता दुसरीकडं परतवणारा आरशासारखा पापुद्रा आला. आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्र संघानं या प्रश्नासाठी २०२२ मध्ये स्वतंत्र केंद्र उभं केलं, आणि खगोलशास्त्रज्ञांचं मागणं साधं आहे: उपग्रह सातव्या प्रतीपेक्षा फिका असावा. असा उपग्रह माझ्या दुर्बिणीत तरीही दिसेल, पण आबाजींच्या डोळ्यांना दिसणार नाही. निदान नुसत्या डोळ्यांचं आभाळ तरी वाचेल. मात्र हे मागणं विनंतीच्या पातळीवर राहिलं तर ज्या कंपनीला परवडेल तीच ते ऐकेल. भारतात स्टारलिंकला दूरसंचार विभागाचा परवाना जून २०२५ मध्ये आणि इन-स्पेस या अंतराळ नियामक संस्थेची मंजुरी जुलैमध्ये मिळाली. ही मंजुरी पाच वर्षांची, म्हणजे २०३० पर्यंतची. पुढच्या वेळी कागद टेबलावर येईल तेव्हा त्यात तेजाची मर्यादा लिहिलेली असावी. आणि राज्य सरकार तर इथं गिऱ्हाईक आहे. शाळा-दवाखान्यांसाठी माल घेताना गिऱ्हाईक अट घालतं, त्यात गैर काय?

दुसरी अट खाली येणाऱ्या वस्तूंची. २ एप्रिल २०२२, गुढीपाडवा. संध्याकाळी पावणेआठच्या सुमारास आम्ही अंगणात होतो आणि आभाळातून जळते तुकडे ओळीनं, आवाज न करता सरकत गेले. विदर्भभर लोकांनी ते पाहिलं. त्याच रात्री चंद्रपूर जिल्ह्यात, सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरीला सुमारे तीन मीटर व्यासाचं धातूचं कडं पडलं, आसपासच्या गावांत धातूचे गोळे सापडले. फेब्रुवारी २०२१ मध्ये सुटलेल्या चिनी लाँग मार्च ३बी रॉकेटचा तो भाग होता, असं मागोवा घेणाऱ्या खगोलशास्त्रज्ञांनी सांगितलं. कुणाला इजा झाली नाही. तो इंटरनेटचा उपग्रह नव्हता, हे स्पष्ट लिहितो. पण हे उपग्रहही साधारण पाच वर्षं काम करून खाली आणून जाळायचे असतात, आणि हजारांनी असल्यामुळे ते काम कायम चालू राहणार. पूर्ण जळाले तर जमिनीवर धोका नाही. मात्र जळालेला ॲल्युमिनियम वरच्या हवेत राहतो. अमेरिकेच्या नोआ या हवामान-सागर संस्थेच्या शास्त्रज्ञांनी विमानातून घेतलेल्या मोजमापांवरून २०२३ मध्ये मांडलं की स्थितांबरातल्या, म्हणजे हवेच्या वरच्या थरातल्या, गंधकाम्लाच्या कणांपैकी सुमारे १० टक्के कणांत रॉकेट-उपग्रहांतून आलेले धातू आहेत. आमचा पाऊस आणि आमचं ऊन त्या हवेखाली आहे. या धातूंचा हिशेब कंपन्यांनी द्यावा.

आणि एक गोष्ट तर दिल्लीला न विचारता होते. आमच्या चौकातला हायमास्ट. त्याचा अर्धा उजेड वर जातो आणि उत्तरेकडचं आभाळ पांढुरकं करतो. नुसत्या डोळ्यांना दिसणाऱ्या आभाळाचं नुकसान आज उपग्रहांपेक्षा त्यानं जास्त होतं. पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी २०२४ मध्ये भारतातला पहिला 'डार्क स्काय पार्क' हा दर्जा मिळाला. तिथल्या वाघोडा, सिल्लारी, पिपरिया, खापा या गावांत रस्त्यावरचे दिवे खाली तोंड करून बसवले आहेत. आपल्याच विदर्भातली गावं आहेत ती. ग्रामसभेत हा विषय मी मांडला आहे, दिव्यांवर टोप्या बसवायला फार खर्च नाही.

आता दुर्बिणीबद्दल राहिलेलं. चष्मेवाल्यांनी डोळ्याजवळचे रबरी कड दुमडून वापरावे, पूर्ण दृश्य दिसतं. सोबत आलेला पट्टा बारीक आहे, मानेला काचतो. रुंद पट्टा वेगळा घ्या. पुढच्या बिजागरीवरची टोपी फिरवून काढली की आत आट्या असतात, तिथं एल आकाराचा जोड लावून ती तिपाईवर बसते. ही तिपाई आणि जोड मिळून दीडेक हजार जातात, आणि मुलांना, म्हाताऱ्या माणसांना दाखवायचं असेल तर ते घ्याच. आबाजींना गुरूचे चंद्र तिपाईमुळंच दिसले. तारे ओळखायला 'स्टेलॅरियम' ॲप फोनवर उतरवून ठेवा, ते नेटशिवाय चालतं. पडदा लाल करायची सोय आहे, ती वापरा, म्हणजे अंधाराला सरावलेले डोळे बिघडत नाहीत. 'हेवन्स-अबव्ह' या संकेतस्थळावर उपग्रहांच्या वेळा मिळतात, पण त्या गावात असतानाच बघून ठेवा. सूर्याकडं चुकूनही रोखू नका, लहान मुलांच्या हाती दिवसा देऊच नका.

पहाटेचं दव पुढच्या भिंगांवर बसतं. शर्टाच्या टोकानं पुसू नका, धुळीनं कोटिंग खरवडतं. झाकणं लावा आणि घरी आल्यावर उघडी ठेवून वाळू द्या. पावसाळ्यात आमच्याकडच्या दमट हवेत भिंगात बुरशी धरते, तेव्हा घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा, आणि पुड्या अधूनमधून तव्यावर गरम करून पुन्हा वापरा.